केळीच्या गावात केळं वर्ज्य

रावेर, सावदा, फैजपूर, यावल. या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच केळी. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या माणसाला आपल्या फळाचा अभिमान आहे. तापातून उठलेला माणूस, दात पडलेली आजी, नुकतं वरणभात खायला लागलेलं लेकरू, केळं सगळ्यांना चालतं. आणि याच पट्ट्यातल्या एखाद्या घरात, आयुष्यभर केळीचे बाग राखलेल्या म्हाताऱ्याला सून सांगत असते, "नाना, केळं नको. डॉक्टरांनी नाही म्हटलंय."

नानांना ते पटत नाही. मधुमेह झाला तेव्हा साखर सोडली, ते समजण्यासारखं होतं. पण किडनी बिघडली आणि डायलिसिस सुरू झालं, यात केळ्यानं काय घोडं मारलं?

प्रश्न साधा दिसतो, पण तो धरून गेलं की किडनीचं काम कळतं, डायलिसिसच्या मशीनची ताकद आणि मर्यादा कळते, आणि सरकारी योजना रुग्णाचा हात कुठपर्यंत धरतात आणि कुठे सोडतात तेही कळतं.

आधी सगळं अंगणात, मग निवडून आत

किडनी म्हणजे गाळणी, असं आपण शाळेत शिकलो. ते अर्धंच खरं आहे. गाळणी नको ते अडवते आणि हवं ते सोडते. किडनी याच्या उलट वागते. दिवाळीच्या आवराआवरीत घरातली बाई माळ्यावरचं सगळं सामान आधी अंगणात काढते आणि मग कामाचं तेवढं एकेक करून परत आत नेते. जे अंगणात उरतं ते भंगार. किडनीची रीत हीच आहे.

मुठीएवढ्या प्रत्येक किडनीत सुमारे १० लाख सूक्ष्म नळ्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. नळीच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुंता असतो. तिथून रक्तातलं पाणी, साखर, क्षार, युरिया असं सगळं बाहेर टाकलं जातं. रक्तपेशी आणि प्रथिनं मात्र मोठी असल्यामुळे आतच राहतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी असं गाळतात. शरीरात सगळं मिळून रक्तच पाचेक लिटर असतं. म्हणजे तेच पाणी पुन्हा पुन्हा, दिवसातून कितीतरी वेळा अंगणात येतं आणि परत आत जातं. नळीतून पुढे सरकताना साखर सगळी परत घेतली जाते, पाणी ९९ टक्के परत घेतलं जातं, क्षार गरजेपुरते. शेवटी दीड-दोन लिटर उरतं, ती लघवी.

या निवडानिवडीत सर्वांत नाजूक हिशेब पोटॅशियमचा. हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या बारीकशा लहरीवर पडतो आणि ती लहर रक्तातल्या पोटॅशियमच्या प्रमाणावर अवलंबून असते. हे प्रमाण साधारण ३.५ ते ५ या अरुंद पट्ट्यात राहावं लागतं. साडेसहाच्या पुढे गेलं तर हृदयाची लय बिघडू शकते, ते थांबूही शकतं. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. धडधाकट माणसाची किडनी ते काही तासांत बाहेर टाकते, त्याला पत्ताही लागत नाही. नानांची किडनी ते टाकू शकत नाही. खाल्लेलं पोटॅशियम पुढच्या डायलिसिसपर्यंत त्यांच्या रक्तातच मुक्काम करतं.

किडनीकडे आणखीही कामं आहेत. रक्तदाब सांभाळणं, हाडांसाठी ड जीवनसत्त्व वापरण्याजोगं करणं आणि अस्थिमज्जेला लाल पेशी बनवण्याचा निरोप देणं. म्हणून या आजारात माणूस पांढराफटक पडतो, जिना चढताना दमतो, आणि घरचे म्हणतात, जेवण कमी झालंय म्हणून अशक्तपणा आला.

खारातली मिरची आणि गोडं पाणी

आता मशीनकडे वळू. खारात मुरलेली मिरची फार खारट झाली तर बायका काय करतात? ती गोड्या पाण्यात घालून ठेवतात. तासाभरानं मिरचीतलं मीठ पाण्यात उतरलेलं असतं. पाणी बदललं की आणखी उतरतं. मिरचीची साल मिठाला वाट देते, बी मात्र आतच राहतं. जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे जायचं, हा मिठाचा स्वभाव. डायलिसिस या स्वभावावर चालतं.

रुग्णाचं रक्त एका नळीवाटे मशीनजवळच्या दंडगोल डबीत जातं. तिला डायलायझर म्हणतात. तिच्यात केसासारख्या हजारो पोकळ दोऱ्या असतात. दोऱ्यांच्या आतून रक्त वाहतं, बाहेरून खास बनवलेलं पाणी उलट दिशेनं वाहतं. मधली भिंत मिरचीच्या सालीसारखी असते: युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम जाऊ देते, रक्तपेशी जाऊ देत नाही. बाहेरचं पाणी अगदी कोरं नसतं. रक्तात जे टिकवायचं आहे, जसं सोडियम आणि कॅल्शियम, ते त्या पाण्यात आधीच योग्य प्रमाणात मिसळलेलं असतं, म्हणजे ते निसटून जात नाही. पोटॅशियम मात्र मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. शिवाय थोडा दाब देऊन अंगात साठलेलं जादा पाणीही ओढून घेतलं जातं.

माणसाला खरोखर उपयोगी पडेल असं हे मशीन पहिल्यांदा बनवलं ते नेदरलँड्समधल्या कांपेन गावच्या विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरनं, १९४३ साली, नाझी फौजांच्या ताब्यातल्या देशात. साहित्य मिळत नव्हतं, तेव्हा त्यानं सॉसेज भरण्यासाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपावर गुंडाळल्या. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये एक ६७ वर्षांची बाई बेशुद्धीतून उठून बसली, तेव्हा कुठे जगाला कळलं की किडनीचं काम शरीराबाहेरही होऊ शकतं.

१६८ तासांत १२

आठवड्याचे तास १६८. किडनी ते सगळे तास राबते. मशीन चार-चार तास तीनदा, म्हणजे १२ तास. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण दोनदाच जातात, म्हणजे आठ. उरलेल्या वेळात रक्तात जे साठतं ते साठतच राहतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी पाळी असली तर शुक्रवार ते सोमवार हे अंतर सर्वांत मोठं, आणि या रुग्णांना हृदयाचा धोका या मोठ्या अंतराच्या शेवटीच सर्वांत जास्त असतो. नानांच्या केळ्याचं उत्तर या आकड्यांत आहे. शनिवारी खाल्लेलं केळं सोमवारच्या मशीनची वाट पाहतं.

फक्त केळंच असतं तर निभावलं असतं. बटाटा, टोमॅटो, नारळपाणी, सुकामेवा, यांतही पोटॅशियम भरपूर. भाजी बारीक चिरून, भिजवून, उकळून ते पाणी फेकलं तर बरंच कमी होतं. तीच मिरचीची युक्ती.

आणि पाणी. डायलिसिसच्या ज्या रुग्णाला लघवी फारशी होत नाही, त्याला चहा, ताक, डाळीचं पाणी धरून दिवसाला लिटरभरच द्रव पदार्थ सांगितलेले असतात, कधी त्याहूनही कमी. हे लिहायला सोपं आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हा नियम पाळणं काय असतं ते खानदेशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. जादा पाणी प्यायलं की ते फुप्फुसात उतरतं, रात्री आडवं झोपता येत नाही, दम लागतो. इथे एक गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते. रुग्णाच्या हातातून पेला काढून घेण्याआधी त्याच्या ताटातून मीठ काढा. तहान मिठानं लागते. पापड, लोणचं, शेव, बिबड्या हे सगळं मीठच आहे. पाण्यावरून घरात रोज भांडण होण्यापेक्षा हे बरं.

डायलिसिस सुरू झालं म्हणजे ते जन्मभराचंच, असंही नाही. घोणस चावल्यावर, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी संपल्यावर, भरमसाट वेदनाशामक गोळ्यांनी किडनी अचानक बंद पडू शकते. अशा वेळी काही दिवस मशीननं तोलून धरलं तर ती पुष्कळदा पुन्हा कामाला लागते. शेतीच्या मुलखात हे माहीत असायला हवं. साप चावलेल्या माणसाची लघवी कमी झाली तर घरी थांबणं म्हणजे किडनी हातची घालवणं.

प्रत्येक खेपेला १२० लिटर

मशीनमधून मिनिटाला सुमारे अर्धा लिटर पाणी वाहतं. चार तासांत १२० लिटर. आपण पिऊन जे पाणी घेतो ते आतड्यातून गाळून रक्तात येतं, इथे मात्र पाणी आणि रक्त यांच्यात फक्त एक पातळ पापुद्रा. म्हणून नळाचं पाणी चालत नाही, क्लोरीनसुद्धा काढावं लागतं. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रणेत काही पाणी वाया जातं, त्यामुळे प्रत्यक्षात लागतं ते १२० लिटरपेक्षा बरंच जास्त. डायलिसिस केंद्र म्हणजे खाटांच्या मागे दडलेला एक जलशुद्धीकरण कारखानाच. टंचाईच्या उन्हाळ्यात टँकरचं नियोजन करताना पालिकेनं हे केंद्र यादीत वर ठेवायला हवं.

पैसा कुठून येतो

२९ फेब्रुवारी २०१६ रोजी अर्थमंत्री अरुण जेटली यांनी अर्थसंकल्पात सांगितलं की देशात दरवर्षी किडनी पूर्ण निकामी झालेले २.२ लाख नवे रुग्ण वाढतात, एका डायलिसिसला सुमारे २,००० रुपये लागतात आणि वर्षाचा खर्च तीन लाखांच्या वर जातो. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६, गुणिले दोन हजार: ३ लाख १२ हजार. मजुरी करणारं घर तर सोडाच, चार-पाच एकर कोरडवाहू कापूस असलेलं घरही हे फार काळ पेलू शकत नाही. त्या भाषणातून 'प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम' उभा राहिला. जिल्हा रुग्णालयात जागा आणि वीज-पाणी सरकारचं, मशीन आणि तंत्रज्ञ बहुधा करार केलेल्या संस्थेचे, आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला सेवा मोफत, अशी ही रचना. २०२५ च्या मध्यापर्यंत देशात अशी सुमारे १,७०० केंद्रं झाली.

महाराष्ट्राची स्वतःची योजना याच्याही आधीची, आणि तिच्यात धुळ्याचं स्थान पहिल्या रांगेत आहे. २ जुलै २०१२ रोजी 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होतं. जळगावला २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. दोन शेजारी जिल्हे, मधे जेमतेम ९०-९५ किलोमीटर, पण सोळा महिने अमळनेरच्या रुग्णाला जे खिशातून द्यावं लागलं ते शिंदखेड्याच्या रुग्णाला योजनेतून मिळत होतं. २०१७ मध्ये तिचं नाव 'महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना' झालं.

ही योजना रुग्णाच्या हातात पैसे देत नाही. बरेच लोक तिथेच गोंधळतात. सहकारी दुकानात कार्ड दाखवून साखर घ्यावी आणि हिशेब दुकान आणि सरकारनं आपसात मिटवावा, तसं ते आहे. योजनेत सामील रुग्णालयाला 'अंगीकृत' म्हणतात. तिथे 'आरोग्यमित्र' बसतो. तो कागद पाहून ऑनलाइन नोंद करतो, वरून मंजुरी येते, उपचार होतो आणि ठरलेल्या दरानं रक्कम रुग्णालयाला जाते. रुग्णानं त्या उपचारासाठी वेगळे पैसे द्यायचे नसतात.

पूर्वी मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची होती, प्रत्यारोपणाला अडीच लाखांची. आठवड्याला तीन वेळा जाणाऱ्याला आणि त्यात घरात दुसरं कोणी आजारी पडलं तर ती अपुरी पडायची. २०२३ च्या शासन निर्णयानं मर्यादा पाच लाख झाली, शिधापत्रिकेच्या रंगाची अट गेली, पांढऱ्या कार्डवालेही आले. हा बदल मोलाचा आहे, हे मोकळेपणानं म्हटलं पाहिजे.

*चौकट: पहिल्या खेपेला जाताना*
शिधापत्रिका, आधार कार्ड, आयुष्मान कार्ड असल्यास तेही, आणि सगळे जुने रिपोर्ट सोबत न्या. काउंटरवर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठा. तीन गोष्टी विचारा: आठवड्यातल्या किती खेपा मंजूर होतात, रक्तवाढीची इंजेक्शनं त्यात आहेत की बाहेरून आणायची, आणि फिस्टुलाचं, म्हणजे मशीनसाठी हातातली धमनी आणि शीर जोडण्याचं, ऑपरेशन कुठे होईल. योजनेत असूनही पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

हिशेबाबाहेरचा खर्च

मशीन मोफत झालं तरी मशीनपर्यंतचा रस्ता मोफत होत नाही. शिरपूर ते धुळे सुमारे ५० किलोमीटर. सातपुड्याच्या अंगाला बोराडी किंवा चोपडा तालुक्यातलं वैजापूर घेतलं, त्यांच्याही पलीकडचे पावरा-बारेलांचे पाडे घेतले, तर पहिली एसटी पकडण्यासाठीच आधी चालावं लागतं. चार तास मशीन, त्याआधी पाळीची वाट, नंतर रक्तदाब उतरलेला, म्हणून सोबत एक माणूस. दोन माणसांचा पूर्ण दिवस आठवड्यातून तीनदा. कापूस वेचणीच्या दिवसांत हा दिवस कोण देणार? तिसरी खेप टळते ती इथे. अशा रुग्णाला 'हलगर्जी' म्हणणं अन्यायाचं आहे.

दोन सवलती लोकांना माहीत नसतात. एसटीच्या सवलतींच्या यादीत सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांबरोबर डायलिसिसचे रुग्णही आहेत, त्यांना तिकीट लागत नाही. कोणता दाखला हवा ते आगारात विचारावं. रेल्वेत डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्या किडनीच्या रुग्णाला आणि एका सोबत्याला स्लीपर, थर्ड एसीपर्यंत भाड्यात ७५ टक्के सूट आहे. भुसावळ-जळगावहून मुंबईला जाणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी.

दूरच्या पाड्यांसाठी मला दुसरी वाट जास्त आशेची वाटते, ती म्हणजे पोटाचं डायलिसिस. आपल्या पोटाच्या आत आतड्यांभोवती जो पातळ पडदा असतो, तोच मिरचीची साल म्हणून वापरायचा. पोटात एक नळी कायमची बसवतात, तिच्यातून दोन लिटर द्राव आत सोडायचा, काही तासांनी काढून टाकायचा, असं दिवसातून तीन-चार वेळा. मशीन नको, वीज नको, घरीच होतं. धोका एकच मोठा, जंतुसंसर्गाचा, म्हणून हात धुण्याची शिस्त आणि स्वच्छ कोपरा हवा. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमात याचीही मार्गदर्शक तत्त्वं आणली. द्रावाच्या पिशव्या दर महिन्याला प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवल्या आणि आशाताईंना त्याचं शिक्षण दिलं, तर सातपुड्यातल्या माणसाचे आठवड्याचे तीन दिवस वाचतील. धुळे-जळगावच्या लोकप्रतिनिधींनी नव्या मशीनच्या उद्घाटनाइतकाच आग्रह याचाही धरावा.

डाव्या हाताची नस

आणखी एक गोष्ट वेळेवर कोणी सांगत नाही. मशीनला मिनिटाला २५०-३०० मिलिलिटर रक्त लागतं. हातावरची साधी नस एवढं देऊ शकत नाही. म्हणून मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी आणि शीर जोडून देतात, त्याला फिस्टुला म्हणतात. जोरानं येणाऱ्या रक्तानं ती शीर फुगते, भिंत जाड होते. मोठ्या पाटाचं पाणी चारीत सोडलं की चारी रुंद होते, तसं. याला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून डायलिसिस जवळ आलंय असं कळताच हे ऑपरेशन करून घ्यावं. नाहीतर ऐन वेळी मानेतून नळी टाकावी लागते आणि त्या नळीतून जंतू थेट रक्तात जातात. किडनीचा आजार असलेल्यानं ज्या हाताचा वापर कमी, त्या हातावर, बहुधा डाव्या, सलाइन आणि सुया टोचू देऊ नयेत. फिस्टुला असलेल्या हातावर रक्तदाबही मोजू देऊ नये.

प्रत्यारोपण हा डायलिसिसपेक्षा चांगला उपाय आहे, कारण नवी किडनी १६८ तास राबते. राज्याच्या योजनेत त्याची मर्यादा आता साडेचार लाख आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं आई-वडील, मुलं, भावंडं, पती-पत्नी किडनी देऊ शकतात, २०११ च्या दुरुस्तीनं आजी-आजोबा आणि नातवंडंही. पण आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका बहुसंख्य आणि घेणाऱ्यांत पुरुष, हे चित्र कायद्यानं बदललेलं नाही. ते घरातच बदलावं लागेल. आणि मरणोत्तर दान वाढलं तर कोणाच्याच बायकोला वा आईला ऑपरेशन टेबलावर जावं लागणार नाही.

पाचव्या पायरीच्या आधी

किडनीच्या आजाराच्या पाच पायऱ्या मानतात. आपण वर पाहिलेलं जवळजवळ सगळं सरकारी बळ पाचव्या पायरीवर उभं आहे, जिथे किडनीचं काम १५ टक्क्यांच्या खाली आलेलं असतं. आधीच्या चार पायऱ्या माणूस चालत, शेतात जात, लग्नात जेवत उतरतो. काही दुखत नाही. मधुमेह आणि रक्तदाब ही दोन मोठी कारणं, आणि कंबर-गुडघ्यासाठी दुकानातून रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या त्यात भर घालतात. गाव-उपकेंद्रात तिशीपुढच्यांची साखर आणि रक्तदाब तपासतात, हे चांगलं आहे. पण ज्यांना मधुमेह निघाला त्यांची लघवी तपासायला पुढे कोणी बोलावतंच असं नाही. लघवीत प्रथिनं दिसू लागणं ही किडनीची पहिली हाक. त्या वेळी साखर आणि दाब आवरले, योग्य गोळी सुरू झाली, तर मशीन कित्येक वर्षं लांबवता येतं, काहींच्या आयुष्यात ते येतच नाही.

घरात कोणाला पाच-दहा वर्षांपासून मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर पुढच्या वेळी सरकारी दवाखान्यात गेल्यावर दोन तपासण्या नाव घेऊन मागा: लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन. आणि त्या दर वर्षी मागा.